संकराचं करडू विकण्यासाठी

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. बोकड देखणा आहे, त्यात वाद नाही. पांढरं अंग, तांबूस डोकं, लोंबते कान, भरलेली छाती. तू विचारतोस, याच्याकडून तिसाच्या तीस शेळ्या भरवाव्यात आणि तीन-चार पिढ्यांत सगळा कळप बोअरचा करून टाकावा का. बोअर जरूर वापर, पण निवडक शेळ्यांवर. कळप मात्र बोअरचा करू नकोस. इथवर वाचून पत्र बाजूला ठेवलंस तरी माझं काम झालं. पण तू आजोबांवर गेलास, कारण कळल्याशिवाय ऐकायचा नाहीस, म्हणून पुढचं लिहिते.

आधी वाड्यात काय आहे ते बघ. भूम, परांडा, कळंब, तुळजापूर हा उस्मानाबादी शेळीचा मूळ मुलूख. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळी उस्मानाबादीच राहिली. तीस-पस्तीस किलोची, बहुतेक काळीभोर, जुळी देणारी, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं करणारी. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, काढणीनंतरचं रान, एवढ्यावर ती उन्हाळा काढते. लोक तिला 'गावरान' म्हणून नाक मुरडतात आणि मटणाच्या दुकानात मात्र गावरानच हवं म्हणतात!

बोअर ही दक्षिण आफ्रिकेतल्या पूर्व केप भागात मांसासाठी निवडत निवडत घडवलेली जात. तिथल्या पैदासकारांची संघटना १९५९ साली झाली. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या पुढे जातो. आपल्याकडे तिची ओळख करून दिली फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, १९९० च्या दशकात. म्हणजे जात अस्सल आहे आणि वाढीचा गुणही खरा आहे. माझी हरकत बोअरला नाही, तू तिला घरात जी जागा देऊ पाहतोस तिला आहे.

कारण साधं आहे. करडू विकेपर्यंत खातं, आई बारा महिने खाते. शेळीला रोज वजनाच्या तीन-साडेतीन टक्के तरी सुका चारा लागतो असं धर. बत्तीस किलोची शेळी किलो-सव्वा किलोत भागते, साठ किलोच्या शेळीला दोन किलो लागतात. फरक रोजचा किलोभराचा. तीस शेळ्या आणि ३६५ दिवस यांनी गुण, वर्षाला दहा-अकरा टन सुका चारा झाला. तो भूमच्या रानात एप्रिल-मे महिन्यात कुठून आणणार आहेस? कडब्याची पेंढी तेव्हा काय भावाने मिळते, ते वहिनीला विचार. आणि जादा वजनाच्या आईने जादा करडं दिली तरच तो चारा वसूल होणार. दोनाची तीन ती देणार नाही.

उलट आई छोटी आणि बाप मोठा असला की रोजचा खर्च छोट्या अंगाचा, आणि विकायच्या करडात मोठ्या अंगाची वाढ. मांसासाठी जनावरं पाळणारे लोक जगभर हा मेळ वापरतात.

दुसरा लाभ संकरजोमाचा. दोन लांबच्या जाती एकत्र आल्या की पहिल्या पिढीत आईबापाच्या सरासरीपेक्षा थोडं जास्तच मिळतं. हे 'जास्त' सगळ्या गुणांत सारखं नसतं. करडं जगणं, शेळी गाभण राहणं, आजाराला तोंड देणं यांत ते सगळ्यांत मोठं, वाढीत मध्यम, मांसाच्या प्रतीत जेमतेम. हायब्रीड ज्वारीचं तुला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी कणसं भरतात म्हणून त्यातलेच दाणे पुढच्या वर्षी कुणी पेरत नाही, बियाणं दरवर्षी नवं आणावं लागतं. शेळीतही हिशेब तोच. अर्ध्या बोअर बोकडाला अर्धी बोअर शेळी दाखवलीस की जोम निम्म्यावर येतो, शिवाय करडं एका मापाची निघत नाहीत. बापाच्याच जातीकडे परत जात राहिलास तरी तीच गत. पाऊण बोअरमध्ये जोम निम्मा, त्याच्या पुढच्या पिढीत पाव. विकणारा तुला 'साडेसत्याऐंशी टक्के बोअर' म्हणून जो आकडा अभिमानाने सांगतो, तो रक्ताचा आहे. टक्का चढतो तसा फुकट मिळणारा जोम उतरत जातो, हे तो सांगत नाही.

आता एक शंका तू काढशीलच, म्हणून मीच काढते. मोबाईलवर वाचून तू म्हणशील, संकराचा मोठा फायदा तर संकरित आईकडून मिळतो. खरं आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या फोर्ट रॉबिन्सनला हेरफर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न या मांसाच्या गाईंवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले. पैदाशीला लावलेल्या दर गाईमागे दूध तुटण्याच्या वेळचं वासराचं वजन मोजलं. वासरू संकरित असण्याने साडेआठ टक्के वाढ मिळाली, आई संकरित असण्याने आणखी पावणेपंधरा टक्क्यांच्या आसपास. मिळून तेवीस टक्के. मांसाच्या गाईंचा कळप राखणारे आजही या आकड्यांचा आधार घेतात.

पण त्या तिन्ही जाती ब्रिटनच्या, अंगाने जवळजवळच्या. तिथे संकरित गाय ठेवली म्हणून चाऱ्याचा बोजा फारसा बदलत नव्हता. तुझ्याकडे एक जात तीस किलोची, दुसरी तिच्या तिपटीची. संकरित आईचा जोम मिळेल, पण तिच्या अंगाचा चाराही रोज घालावा लागेल. आणि दुसरी अडचण अशी, की दरवेळी नवी पहिली पिढी हवी असेल तर कुणीतरी मूळ जात शुद्ध राखलीच पाहिजे. ब्रिटनमध्ये मेंढ्यांची ही कामं वाटून घेतलेली आहेत. डोंगरातले लोक काटक जाती राखतात, त्यांच्यावर ब्लूफेस्ड लेस्टरचा नर वापरून 'म्यूल' नावाच्या संकरित मेंढ्या करतात, आणि त्या मेंढ्या खालच्या सुपीक पट्ट्यातले लोक विकत घेऊन त्यांच्यावर टेक्सेल किंवा सफोकसारखा मांसाचा नर सोडतात. तीन थर, तीन वेगळी माणसं, आणि मधे चालू बाजार. तुझ्या वाड्यात तीस शेळ्या, एक बोकड, एक तू. तीन थर तू एकटा नाही चालवू शकत. पाऊस बरा झाला, मेथीघास आणि शेवरी बांधावर उभी राहिली, तर चार अर्ध्या बोअर माद्या ठेवून बघ. त्यांची वजनं आणि त्यांचा चारा वेगळा लिही. दोन वेतांनंतर आपण पुन्हा बोलू.

मग करायचं काय? सगळ्या शेळ्यांची वेतं आठवून कागदावर मांड. कोणती जुळी देते, कोणाची दोन्ही करडं जगतात, कोण करडाला चीक नीट पाजते. हे वहिनीला पाठ आहे, तुला नाही, म्हणून तिला शेजारी बसवून लिही. त्यातल्या सगळ्यांत चांगल्या बारा शेळ्या बाजूला काढ. यांना फक्त उस्मानाबादी बोकड, तोही जुळ्यातला, बाहेरच्या गावचा, यांच्या नात्यातला नसलेला. यांच्या माद्या तुझ्या पुढच्या आया. शेळी पाच-सहा वर्षं चालते असं धरलं तर तिसांच्या कळपाला वर्षाला पाच-सहा नव्या माद्या पुरतात, आणि बारा चांगल्या शेळ्या तेवढ्या निवडून घेण्याइतक्या देतात. उरलेल्या अठरांवर बोअर किंवा अर्धा बोअर बोकड. वर म्हटलेल्या प्रयोगाच्या चार माद्या सोडल्या तर यांची सगळी करडं, नर असो की मादी, विकायची. मादी कितीही गोजिरवाणी निघाली तरी. तिथेच तुझा हात अडखळणार आहे, मला माहीत आहे.

लोक नेमकं उलटं करतात बघ. सगळ्यांत चांगल्या शेळ्यांना सगळ्यांत महाग बोकड दाखवतात आणि उरलेल्या टाकाऊ शेळ्यांतून मूळ जात चालवतात. चार वर्षांनी हातात ना धड उस्मानाबादी उरते ना धड बोअर.

पहिलारू शेळ्यांना मोठ्या बोकडापासून लांब ठेव. पोटात एकच करडू आणि ते मोठं असलं तर वेत अडतं, आणि रात्री दोन वाजता तालुक्याचा डॉक्टर येत नसतो. या कामात माझा जन्म गेला, म्हणून हे ठासून सांगते. नव्वद किलोचा बोकड तीस किलोच्या शेळीवर चढवणं हेही जिकिरीचंच, त्यासाठी अर्धा बोअर बोकड बरा पडतो. संकरित नर करडं तीन-चार महिन्यांची झाली की माद्यांतून वेगळी कर. ती वेळेआधी माजतात, आणि बहिणींनाच गाभण करून ठेवतात.

मूळ जात राखायची म्हणजे तिच्यात बाहेरचं काहीच घ्यायचं नाही, असं मी म्हणत नाही. फलटणच्याच संस्थेत चंदा निंबकर यांनी मेंढ्यांवर केलेलं काम मुद्दाम वाच. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने एवढीशी, पण जुळी-तिळी देते, कारण तिच्यात फेकबी नावाचं एक जनुक आहे. त्यांनी गरोळशी संकर केला आणि पुढे पिढ्यानपिढ्या दख्खनी रक्ताकडे परत आले. दर पिढीत रक्त तपासून ज्यांच्यात ते जनुक उतरलं आहे तेवढीच जनावरं पैदाशीला ठेवली. अंग दख्खनीचं राहिलं आणि जुळ्यांचा गुण आला. ती 'नारी सुवर्णा'. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढीतलं हेच जनुक अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजातून गेलेल्या बंगालच्या मेंढ्यांमधून तिथे पोचलं असं मानतात. दोनशे वर्षांनी त्याच गुणाची दखल आपण इथे घेतली, हे मला फार गमतीचं वाटतं. असो. तिथे एक नेमका गुण उचलायचा होता आणि तो रक्ताच्या तपासणीत दिसत होता, म्हणून ती वाट चालली. बोअरची वाढ अशी एका जनुकात सापडत नाही. ती शेकडो जनुकांत विखुरलेली असते आणि पोटभर खाद्य मिळालं तरच अंगावर दिसते. नुसत्या रानावर सोडलेलं अर्ध-बोअर करडू आणि उस्मानाबादी करडू यांत तुला वाटतो तेवढा फरक पडणार नाही. विकायच्या करडांना शेवटचे तीन महिने मका आणि पेंडीचा खुराक देणार असशील तरच हा सगळा खटाटोप कर.

बोकडाच्या भावाचं. पैदाशीसाठी म्हणून किलोवर जो भाव सांगतात तो मटणाच्या भावाच्या कित्येक पट असतो, आणि तो देणारा माणूस करडं पुन्हा पैदाशीसाठीच विकायचं स्वप्न बघत असतो. शेवटी कुणीतरी खाटकाला विकणारच ना? तिथे भाव जिवंत वजनाचा. इमूची लाट तू लहान होतास तेव्हा येऊन गेली, तिच्यातही सगळे एकमेकांना पिल्लंच विकत होते. तुझा हिशेब लोणंदच्या नाहीतर सांगोल्याच्या बाजारातल्या भावाने बसतो का ते आधी बघ. बसत असेल तरच बोकड घे, आणि घेताना त्याची सांसर्गिक गर्भपाताची तपासणी करून घे. आणल्यावर महिनाभर कळपापासून लांब बांध. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी कळपाला आधीच झालेल्या असू देत.

बकरी ईदचं गणित वेगळं. तिथे वजनाइतकंच रूप बघतात. शिंग मोडकं चालत नाही, कान फाटका चालत नाही. म्हणून त्या बोकडांच्या कानात बिल्ला मारू नकोस, गळ्यात क्रमांकाचा पट्टा घाल. बोकड निदान वर्षाचा भरलेला लागतो. गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यामुळे सणाच्या दीड वर्ष आधी शेळी भरलेली हवी. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते. २०२८ ची ईद मेच्या सुरुवातीला येते आहे. २०२६ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसाचा कोवळा पाला खाऊन माजावर आलेल्या शेळ्या भरवल्यास तर त्या दिवाळीच्या आगेमागे वितील आणि ती करडं तेव्हा दीड वर्षाची असतील. पण सगळी ईदवर लावू नकोस. दीड वर्ष सांभाळण्याचा खर्च मोठा असतो, आणि राजस्थानचे उंचेपुरे बोकड देवनारला त्याच सुमारास उतरतात. चार-पाच देखणे तेवढे राख, बाकीचे आठ-नऊ महिन्यांचे झाले की काढ.

वही घाल. त्यात शेळीचा नंबर, बोकडाचा नंबर, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन आणि विकल्याचा भाव, इतकं पुरे. वर्षाअखेरीला दर शेळीमागे किती किलो करडू विकलं ते काढ. माझ्या लेखी कळपाचा आकडा तोच. बोकडाचे पैसे देण्याआधी काटा घे, आणि आत्ता वाड्यात असलेली करडं तोलून वजनं मला कळव. बारा शेळ्यांची यादी वहिनीने केलेली असू दे, तू केलेली नको.

तुझी,
आत्या