डागाला कसला डोस?

'तुम्ही आजारी आहात का?' आणि 'तुम्ही कधी आजारी होतात का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न विचारायचा हक्क मी कुठल्याही देशाला देईन. दुसऱ्याच्या उत्तरावरून एखाद्याचं काम काढून घ्यायचा हक्क कुणाला असावा का, याबद्दल मला शंका आहे.

आमच्या वीर-दासगाव पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथल्या कित्येक घरांची चूल आखातातून येणाऱ्या पैशावर पेटते. तिकडे नोकरीला जायचं तर आधी मेडिकल. लोक अजून त्याला 'गामका' म्हणतात, नोंदणी मात्र आता 'वाफिद'च्या साइटवर होते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, आणि शेवटी एकच शब्द: फिट किंवा अनफिट. आखाती देशांच्या या नियमांत टीबीची जुनी, बरी झालेली खूणही नव्या माणसाला अनफिट ठरवायला पुरते.

माझ्या ओळखीचे एक चाचा इथेच अडकले. कित्येक वर्षं ते तिकडे ड्रायव्हर होते. सुट्टीवर आले असताना खोकला थांबेना, तपासणीत टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून मोफत मिळणाऱ्या गोळ्या त्यांनी सहा महिने नेमाने घेतल्या आणि ते बरे झाले. तोवर सुट्टी संपली होती आणि परत जायचा व्हिसाही संपला होता. नवा व्हिसा म्हणजे नवं मेडिकल. एक्स-रेत डाग दिसला. अनफिट. मला म्हणाले, "बेटा, टीबीला गोळ्या होत्या. डागाला कसला डोस घेऊ?"

नोकरीसाठी ब्रिटनला जाताना माझ्याही छातीचा एक्स-रे निघाला होता. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला येणाऱ्या भारतीयांना तिथेही टीबीची तपासणी सक्तीची आहे. पण एक्स-रेत शंका आली म्हणून तिथे दार लगेच बंद होत नाही. लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात, ते कल्चरला लावतात. निकाल यायला दोन महिने लागू शकतात. जंतू नसल्याची खात्री पटली की सर्टिफिकेट मिळतं. म्हणजे चाचांच्या छातीतला डाग माझ्या छातीत असता, तरी मी बहुधा दोन महिने उशिरा का होईना, विमानात बसलो असतो. मशीन तेच, डाग तोच. एक नियम विचारतो, जंतू जिवंत आहे का? दुसरा विचारतो, जंतू येऊन गेला होता का?

आखाती देशांची बाजूही ऐकायला हवी. बरा झालेला टीबी काही जणांत पुन्हा उलटतो, हे खरं आहे. कामगार बंक बेडच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात, तिथे एकाचा खोकला दहा जणांना लागू शकतो. ही भीती खोटी नाही. पण या भीतीवर उपाय आहेत: थुंकी तपासा, वर्षभर दर काही महिन्यांनी पुन्हा बोलवा. आणि त्या खोलीत एवढी माणसं कोंबली कुणी? दाटीमुळे येणारा धोका मालकाने निर्माण करायचा आणि त्याची किंमत चाचांनी भरायची, हा न्याय नाही.

शिवाय हा नियम स्वतःच्याच हेतूच्या आड येतो. विमानतळावर कुणी एक्स-रे काढत नाही. खोकला दाबून, उपचार न घेता, जुना व्हिसा चालू असतानाच चाचा परतले असते, तर त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नसतं. जंतू घेऊन गेलेला आत आणि जंतू मारून आलेला बाहेर. प्रोग्रामिंगमध्ये असा फिल्टर कुणी लिहिला तर तो आम्ही रिव्ह्यूमध्येच परत पाठवू. इथे मात्र त्यातून गावागावात एक धडा पोचतो: सुट्टीत खोकला झाला तर डॉक्टरकडे जाऊ नकोस. टीबी पसरायला याहून सोयीचं काय असेल?

महाडच्या माणसाला यात एक जुनी गोष्ट दिसायला हवी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. जातीचा छळ आणि मेडिकलचा नियम एक नाहीत, ती तुलना मी करणार नाही. जंतू खरा असतो, विटाळ खरा नसतो. म्हणूनच जंतूला घाबरणं हे शहाणपण आहे. पण जंतू गेल्यावरही जो नियम माणसाला दूर ठेवतो, तो आता नेमका कशाला घाबरतोय? त्या भीतीला वैद्यकशास्त्रात नाव नाही. आपल्या भाषेत मात्र आहे, विटाळ.

म्हणून आपल्या सरकारने आखाती देशांशी कामगारांबद्दल बोलताना एवढं तरी मागावं: डाग दिसला तर थुंकी तपासा, आणि अनफिट म्हणालात तर कारण आणि पुढचा उपाय लेखी द्या. ज्याचं शरीर तपासलं, त्याचं एवढं देणं लागतंच.

आणि हे मागताना आपणही आरशात बघावं. लग्न ठरवताना 'त्यांच्या घरात कुणाला टीबी होता म्हणे' असं आपल्याकडे अजूनही दबक्या आवाजात विचारलं जातं. होता. गोळ्या घेतल्या. गेला. याच्यापुढे आपण काय ऐकायला थांबलेलो असतो?