पूर, फुगवटा आणि मागचा एक्सल

गौतमांच्या न्यायसूत्रांत पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ मोजले आहेत. प्रमाण, प्रमेय, संशय, दृष्टान्त, तर्क, वाद, हेत्वाभास, अगदी जल्प आणि वितंडासुद्धा. यांच्या यथार्थ ज्ञानाने निःश्रेयस, म्हणजे मोक्ष, मिळते, असे त्याच दमात सांगून टाकले आहे. पुण्यात संस्कृत घेऊन एम. ए. करताना मला हे सूत्र खटकायचे. आमच्या घरात वारी आहे. नामाने सुटका होते, वैराग्याने होते, हे ऐकतच मी वाढलो. पण हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, ओळखता आले म्हणून जन्ममरण चुकेल, हे काही केल्या गळी उतरत नव्हते.

आता मी भोरला वडिलांचे गॅरेज चालवतो. वरंधा घाटाच्या रस्त्यावरून, हिरडस मावळातल्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या फोर-व्हील जीपा माझ्याकडे जास्त. त्या सूत्राचे उत्तर मला याच कामात मिळाले.

पावसाळ्यात घाटाकडचे एक गृहस्थ जीप घेऊन आले. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळत होते, टायर माखला होता आणि हँडब्रेक धरत नव्हता. "दादा, सील परत गेलं. नवीनच टाकलं होतं," म्हणाले. दुसरीकडे सील बदलून झाले होते, तरी गळती तशीच. आता त्याहून भारी सील टाका, असे त्यांचे म्हणणे.

चाकाशी ओल दिसली म्हणून सील गेले, हे अनुमानच आहे. कार्य पाहून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायात शेषवत् म्हणतात. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात त्याचे उदाहरण नदीचे दिले आहे: नदी भरून वेगाने वाहताना दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असे आपण ओळखतो. पण दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी याच उदाहरणावर बोट ठेवतो. पाणी तर पुढे बांध पडून अडले तरी चढते. मग अनुमानावर विसंबायचे कसे? भोरच्या माणसाला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. भाटघर धरणाचा फुगवटा शिवारात चढतो तेव्हा त्या जागी थेंबही पडलेला नसतो.

उत्तर मला फार मोलाचे वाटते. अनुमान खोटे नाही, अनुमान करणाऱ्याने भलत्याच खुणेला खूण मानले, असे भाष्यकार म्हणतात. नुसते वाढलेले पाणी ही पावसाची खूण नव्हेच. प्रवाहाला ओढ हवी, फेस हवा, पाण्याबरोबर फळे, पाने, लाकडे वाहत यायला हवीत. एवढे सगळे पाहून जो पाऊस म्हणतो तो चुकत नाही. फुगवट्याचे पाणी संथ असते, त्यात यातले काही नसते. म्हणजे शंकेवरचा उपाय श्रद्धा हा नाही आणि अनुमान सोडून देणे हाही नाही. खूण आणखी जवळून पाहणे, हा आहे.

म्हणून आधी ओल कसली ते पाहिले. मागच्या चाकाशी दोन तेले गळू शकतात: एक्सलमधले ९० नंबर किंवा व्हील सिलिंडरमधले ब्रेक ऑइल. ९० नंबरला गंधकाचा उग्र वास असतो आणि पाण्यात थेंब टाकला तर तो तरंगतो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. वाटीत थेंब टाकला, तो तरंगला. मग ड्रम काढून शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहिला. बेअरिंग झिजले की शाफ्टला प्ले येतो आणि कितीही चांगले सील असले तरी टिकत नाही. इथे प्ले नव्हता. सील उलटेही बसवलेले नव्हते, लिप तेलाच्या बाजूलाच होती. आधीच्या मेकॅनिकने आपले काम नीट केले होते, हे सांगायला हवे. ड्रम परत चढवून जीप घाटात थोडी वर नेऊन आणली आणि एक्सल गरम असतानाच फिलर प्लगला पाना लावला. प्लग सैल होताच सुस्स करून हवा बाहेर पडली.

एक्सल हाउसिंगवर वरच्या अंगाला एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की तेल तापते, आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर जाते. या जीपचा ब्रीदर लाल चिखलाने पार बुजून टणक झाला होता. हवेला वाट नाही, म्हणून ती तेलाला सीलच्या लिपवरून बाहेर ढकलत होती. उलटही होते: तापलेला एक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ड्रेन प्लग काढला तेव्हा तेल दुधाळच आले. सील गळत होते हे खरे, पण गळतीचे कारण सीलमध्ये नव्हते. वरची वाट बुजली होती. सूत्रातला आक्षेप जसाच्या तसा समोर होता. नदी चढलेली होती, पण पावसाने नव्हे, अडवल्याने.

याच वेळी मला दुसरे सूत्र उलगडले. त्यात पाच कड्यांची साखळी आहे: दुःख, जन्म, प्रवृत्ती, दोष, मिथ्याज्ञान. यातले पुढचे नाहीसे झाले की त्याच्या अलीकडचे नाहीसे होते आणि अशाने शेवटी अपवर्ग, म्हणजे मोक्ष. दुःख दिसते सर्वांत अलीकडे, म्हणून माणूस उपाय तिथेच करतो. पण दुःखाच्या मागे जन्म, त्यामागे प्रवृत्ती, त्यामागे राग, द्वेष, मोह हे दोष, आणि सर्वांच्या तळाशी जे जसे नाही तसे ते मानणे: अनात्म्याला आत्मा समजणे, अनित्याला नित्य समजणे. ही चुकीची अनुमानेच आहेत, जन्मभर बाळगलेली. मग ती दुरुस्त करायचे साधन, म्हणजे प्रमाण आणि हेत्वाभास, मोक्षाच्या ग्रंथात पहिल्या ओळीत आले यात नवल काय? भक्तीला यातून बाधा येते असे मला वाटत नाही. मी आजही वारीला जातो. पण आपण कशाने दुःखी आहोत हे न तपासता देवापुढे उभे राहणे मला आता जमत नाही.

एक शंका उरते. कारण गेले की कार्य लगेच जाते का? ब्रीदर साफ केला म्हणून तेलात भिजलेले ब्रेक लायनर कोरडे होत नाहीत. ते टाकून नवे बसवावे लागले. दाबाने मुडपलेले सील बदलावे लागले, दुधाळ तेल काढून फिलरच्या भोकापर्यंत नवे भरावे लागले. शास्त्रकारांनी हेही पाहिले होते. त्या भाष्यावर वार्तिक लिहिणाऱ्या उद्द्योतकराने निःश्रेयस दोन प्रकारचे मानले, अपर आणि पर. तत्त्वाचे ज्ञान होताच मिळते ते अपर. पर क्रमाने येते, आधीच्या कर्माचे भोग संपल्यावर. ज्ञान झालेला माणूसही आजारी पडतो, म्हातारा होतो, त्याचे कारण हेच. ज्याला हे ठाऊक नाही तो मूळ सापडूनही चार दिवसांत निराश होतो आणि पुन्हा सील बदलायला धावतो.

तर्क हा कोरड्या पंडितांचा विषय आहे, असे आपल्याकडे कीर्तनातूनही सांगतात. माझी विनंती आहे, पहिली दोन सूत्रे वात्स्यायनभाष्यासह एकदा वाचा. त्यासाठी फार संस्कृत लागत नाही. शब्द अडला तर भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश आहे. तो संस्कृतातच असला तरी प्रत्येक संज्ञा नीट उकलून दाखवतो. आणि गाडी ओढ्यानाल्यातून जात असेल, तर मेकॅनिकला ब्रीदर उघडून पाहायला सांगा.