हक्क मागणाऱ्याने काय लपवू नये?

ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला आपला हक्क मिळविताना एखादी गैरसोयीची गोष्ट झाकून ठेवण्याची मुभा आहे काय? गेल्या पावसाळ्यापर्यंत मला हा प्रश्न सोपा वाटत असे.

आमच्या घरी गाडी उशिरा आली. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे ठरलेले होते. थोरला मुलगा कुवेतहून पाठवीत असलेल्या पैशांतून तीन वर्षे थोडेथोडे बाजूला टाकले आणि मार्च महिन्यात रोख रक्कम भरून नवी गाडी घेतली. तिसऱ्याच आठवड्यात घाट चढताना ती चालता चालता बंद पडली. शोरूमच्या वर्कशॉपने ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ असे जॉबकार्डवर लिहून ती परत दिली. मे महिन्यात पुन्हा तेच घडले, जूनमध्येही तेच. जुलैतील एका रात्री आजारी आईला दवाखान्यातून घरी आणताना धाकट्या मुलाने खाडीलगतच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढली. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागले होते. त्या रात्री गाडी सुखरूप घरी आली. पण ऑगस्टमध्ये बंद पडली ती पुन्हा सुरूच झाली नाही. वर्कशॉपचे म्हणणे असे की, वायरिंगच्या एका जोडात ओल सापडली, म्हणजे पाणी शिरले, म्हणून वॉरंटी लागू नाही. दुरुस्तीचे ३४,२०० रुपये भरावेत. सोबत एक छापील कागद दिला. त्यात एक प्रश्न होता : गाडी साचलेल्या पाण्यातून नेली होती काय?

धाकटा म्हणाला, “अब्बा, ‘नाही’ लिहा. पाण्याच्या आधी तीन वेळा बंद पडली, हे त्यांच्याच कागदावर आहे. आणि ते तरी कुठे खरे बोलतात?”

मी कागद घरी आणला. इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर विषय निघाला, तेव्हा दोन प्रकारचे सल्ले मिळाले. काहींनी मुलाचीच री ओढली. दुसरे म्हणाले, “सब्र करा, पैसे भरून मोकळे व्हा, अल्लाह पाहतो आहे.” दुसरा सल्ला ऐकायला अधिक धार्मिक वाटतो, म्हणून आधी त्याचा विचार करू.

सब्र आणि हतबलता यांची आपल्या समाजात फार गल्लत होते. आपला हक्क कोणता हे जाणून, तो मागण्याची ताकद असताना, प्रसन्न मनाने सोडून देणे ही क्षमा आहे. तिचे मोल फार मोठे आहे. कागदपत्रांचा कंटाळा, मोठ्या काचेच्या शोरूमचे दडपण, ‘आपल्यासारख्यांचे कोण ऐकणार’ ही भावना यांपोटी गप्प बसणे ही क्षमा नव्हे. सूरह अन्-निसामध्ये स्पष्ट म्हटले आहे की, वाईट गोष्टीची उघड वाच्यता अल्लाहला आवडत नाही, मात्र ज्याच्यावर जुलूम झाला असेल त्याची गोष्ट वेगळी. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार, एक मनुष्य प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आपले येणे मागण्यास आला आणि कठोर शब्दांत बोलू लागला. सहाबांना त्याचा राग आला. प्रेषितांनी त्यांना आवरले. ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगितले आणि त्याच्या उंटाहून चांगला उंट त्याला देवविला. येथे ऋणको स्वतः प्रेषित होते आणि तरीही त्यांनी मागणाऱ्याला गप्प केले नाही.

मग पहिला सल्ला. बाजारातून जाताना प्रेषित (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विक्रेत्याने सांगितले की, पावसाने धान्य भिजले. यावर, लोकांना दिसावे म्हणून भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस, असे प्रेषितांनी विचारले, आणि फसविणारा आपल्यापैकी नव्हे असे बजावले. ही हदीस आपण नेहमी विक्रेत्याला ऐकवितो. मीही शोरूमला उद्देशून मनातल्या मनात ती कितीदा म्हटली असेल. पण त्या रात्री तो कागद समोर ठेवल्यावर ध्यानात आले की, पाऊस पडला हा त्या विक्रेत्याचा अपराध नव्हताच. ओल आली त्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. ती खाली दडविली, हा दोष. आणि या वेळी ओल माझ्या ढिगात होती.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी कथन केलेली हदीस तर याहून कठीण आहे. प्रेषितांनी सांगितले होते की, लोक त्यांच्याकडे तंटे घेऊन येतात. कदाचित एखादा आपली बाजू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रभावीपणे मांडील आणि ऐकलेल्यावरून त्याच्या बाजूने निवाडा होईल. मात्र अशा रीतीने दुसऱ्याच्या हक्कातील काही पदरात पडले तर तो आगीचा तुकडा समजावा. ‘मुळात माझेच खरे आहे’ ही सबब येथे पुरत नाही, कारण तीन वेळच्या बिघाडाविषयी मी खरा असलो तरी चौथ्या वेळी पाण्याचा वाटा किती, हे मला ठाऊक नव्हते. जे ठाऊक नाही ते आपल्या बाजूचे धरून चालणे, येथेच लबाडीला सुरुवात होते.

फिक्हच्या ग्रंथांत या दोन्ही बाजूंचा किती बारकाईने विचार झाला आहे! विकलेल्या वस्तूत आधीपासून दोष असेल आणि तो सांगितला नसेल, तर ती परत करण्याचा अधिकार खरीददाराला आहे. त्यास ‘खियारे-ऐब’ म्हणतात. दूध अधिक दिसावे म्हणून काही दिवस न पिळता सड बांधून ठेवलेले जनावर कोणी विकले, तर घेणाऱ्याला ते परत करता येते. येथे फसवणूक उघड आहे. तरीही हदीसमध्ये असे आले आहे की, जनावर परत करताना पिळलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर द्यावेत. आम्ही कोकणातील बहुतेक शाफई. आमच्याकडे ही हदीस शब्दशः पाळली जाते, हनफी विद्वानांचे तिच्या अंमलाविषयी वेगळे मत आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी विचार करण्याजोगी गोष्ट उरते : ज्याची फसवणूक झाली त्याच्याकडूनही, त्याने वापरलेल्या दुधाचा हिशेब मागितला गेला. फसविणाऱ्याचे जे देणे आहे ते त्याच्या अपराधामुळे माफ झाले नाही.

देशाचा कायदाही खरीददाराच्या पाठीशी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ती आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. १९१५ या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. गाडी वर्कशॉपमध्ये नेली की प्रत्येक वेळी आपली तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डवर लिहवून घ्यावी आणि प्रत मागून घ्यावी. आमच्याकडे हाच भक्कम पुरावा होता.

मी कागदावर ‘होय’ लिहिले. सोबत कंपनीला पत्र जोडले : तीन बिघाडांच्या तारखा, जॉबकार्डच्या प्रती, आणि जुलैतील त्या रात्रीचे पाणी कुठवर होते तेही. तीन आठवड्यांनी कंपनीचा अभियंता आला. मूळ बिघाड एका सदोष सेन्सरचा असल्याचे त्याने मान्य केले. ओल त्यापूर्वीची की नंतरची, हे मात्र सांगता येणार नाही म्हणाला. सुटे भाग कंपनीने दिले, वायरिंग आणि मजुरीचे ९,१०० रुपये आम्ही भरले. “ ‘नाही’ लिहिले असते तर हेही वाचले असते,” असे धाकटा अजून म्हणतो. वाचलेही असते.

ही गोष्ट येथे संपली असती, तर मी ती लिहिली नसती. माझे स्वतःचे पाण्याच्या पंपांचे दुकान आहे. सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना माप कमी भरणाऱ्यांचा विनाश सांगितला आहे. फजरच्या नमाजमध्ये इमामसाहेबांनी एके दिवशी ती तिलावत केली, आणि मला वर्कशॉपच्या माणसाचा नव्हे, माझाच आवाज आठवला. आदल्या उन्हाळ्यात एक शेतकरी दोन महिन्यांपूर्वी नेलेला पंप घेऊन आला होता. वाइंडिंग जळले होते. मी पंप उघडूनही न पाहता म्हणालो होतो, “कोरडा चालवला असेल तुम्ही.” तो काही बोलला नाही, पंप पुन्हा खांद्यावर घेऊन गेला.

त्याचे गाव शोधायला जुनी बिलबुके चाळावी लागली. मी गेलो तेव्हा तो कलमांना पाणी लावीत होता. पंप तोच होता. शहरातून वाइंडिंग करून आणले, अठराशे रुपये लागले, असे त्याने सांगितले. मी पैसे पुढे केले. त्याने मोजले, थोडा वेळ थांबला, आणि त्यातले सहाशे परत माझ्या हातावर ठेवीत म्हणाला, “एकदा विहीर आटली होती मालक, तेव्हा खरेच थोडा वेळ कोरडा चालला होता. त्या दिवशी तुम्ही विचारलेच नाही.”