सही करण्याआधी

दांडिया बाजार,
वडोदरा

चि. भाचीस,



तुझा इथल्या विद्यापीठातला प्रवेश पक्का झाल्याचे ताईने फोनवर सांगितले आणि घरात पेढे वाटले गेले. पण त्याच फोनवर ती म्हणाली, की फीसाठी नंदुरबारचे शेत गहाण ठेवायचे तुझ्या बाबांच्या मनात आहे. म्हणून हे पत्र आजच लिहायला घेतले. बाबांना हे वाचून दाखव आणि तोवर शेताच्या कागदांना कुणी हात लावू नका.

शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असेल तर बँकेने तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जालाही केंद्राच्या पतहमी योजनेखाली तारण किंवा तिसऱ्या माणसाचा जामीन लागत नाही. आईवडिलांपैकी एकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते, एवढेच. तुझ्या तीन वर्षांचा खर्च या मर्यादेच्या कितीतरी आत बसतो. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून भर. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना ठरावीक संस्थांनाच लागू आहे, म्हणून आपल्या विद्यापीठाचे नाव चालू यादीत आहे का ते आधी पाहा. यादीत असेल, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि दुसरी कुठली सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात तीन टक्क्यांची सवलत मिळते.

मात्र कर्जाआधी शिष्यवृत्ती. सीमेवरच्या मुलांची इथे एक अडचण होते. गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना चांगली आहे, पण ती गुजरातच्या रहिवाशांसाठी. तुझ्या वर्गातल्या मुली तिचा फॉर्म भरताना दिसतील, तू त्यात वेळ घालवू नकोस. तुझ्या कामाची योजना केंद्राची आहे. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरून पदवीची तीन वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात, पुढे एम.ए., एम.एस्सी.ला २०,०००. निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून आण आणि बँक खाते आधारशी जोडून घे, कारण पैसे थेट खात्यात येतात. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी गुण व हजेरी दोन्ही लागतात. पहिले वर्ष मिळाले म्हणून दुसरे आपोआप मिळत नाही.

आता या पत्रातली मुख्य गोष्ट. तू ज्या शहरात येते आहेस, तिथे शिक्षणासाठी पैसा देण्याची रीत जुनी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. बँक ऑफ बडोदा १९०८ मध्ये त्यांनीच काढली. याच संस्थानाने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. त्या वर्षी ४ जूनला त्यांनी करारावर सही केली. अट अशी, की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. न्यूयॉर्कमध्ये ते पोटाला चिमटा घेऊन राहिले, जुनी पुस्तके विकत घेतली, घरीही पैसे पाठवले. १९१७ मध्ये अट पाळायला ते बडोद्याला आले. आणि या शहराने त्यांना जातीपायी राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत जेमतेम आसरा मिळाला होता, तिथूनही त्यांना बाहेर काढले. नोकरी सोडून त्यांना परतावे लागले. कमाटी बागेतली, त्यांच्या आठवणीची संकल्पभूमी तू पाहशीलच. तिथे जाण्याआधी हा इतिहास तुला ठाऊक असावा.

मी यातून एक गोष्ट घेतली आहे. शिक्षणासाठी पैसा घेणे यात कमीपणा नाही, मग तो राजाचा असो, सरकारचा असो की बँकेचा. पण त्या पैशाबरोबर कागद येतो आणि कागद दोन्ही बाजूंना बांधतो. आपण काय द्यायचे ते आपल्याला वाचून दाखवतात. समोरच्याने आपल्याला काय द्यायचे, ते मात्र आपणच वाचावे लागते. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करताना मी पाहिले, की माणसे मान खाली घालून सही करतात, जणू कुणी उपकार करतो आहे. तू मान वर ठेवून, वाचून सही कर.

कर्जाच्या बाबतीत तुझा पहिला हक्क भाषेचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने अशा नव्या कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचे असते, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत. म्हणून मराठीत मागायला लाजू नकोस. त्यात सगळे खर्च धरून वर्षाला पडणारा खरा दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावर कर, जाहिरातीतल्या व्याजदरावर नको.

दुसरे, व्याज. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, हे खरे. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. समज, तीन वर्षे दरसाल एक लाख उचलले, दहा टक्के सरळ व्याजाने. हप्ते सुरू होतील त्या दिवशी पहिल्या लाखावर ४०,०००, दुसऱ्यावर ३०,००० आणि तिसऱ्यावर २०,००० चढलेले असतील. म्हणजे तीन लाखांचे तीन लाख नव्वद हजार झाले. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला साधारण ८३३ रुपये पडते. पुढे उचल वाढेल तसे तेही वाढेल, पण दरमहाचे व्याज बाबा भरत राहिले तर पुढचा डोंगर उभाच राहत नाही. शिवाय असे व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. ती मिळते का ते विचार. आणि लागतील तेवढेच पैसे उचल. मंजूर झाले म्हणून सगळे घ्यायचे नसतात.

फीच्या पावत्या जपून ठेव. मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळून परत घे. ते संस्थेने अडकवून ठेवायचे नाहीत, असा यूजीसीचा नियम आहे. प्रवेश कधी रद्द केला तर किती फी परत, याचेही टप्पे ठरलेले आहेत.

फतेहगंजात पीजी बघशील तेव्हा डिपॉझिटची पावती आणि भाडेकरार हातात घेतल्याशिवाय रोकड देऊ नकोस. करार गुजरातीत असेल. गुजराती लिपी तुला पंधरवड्यात वाचता येईल, शिरोरेघ सोडली तर बरीच अक्षरे आपल्यासारखीच आहेत. तोवर कागद माझ्याकडे आण. पुस्तके विकत घेण्याआधी विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय धुंडाळ. मांडवीजवळ १९१० पासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे मराठी पुस्तकेही भरपूर आहेत.

खाते किमान शिल्लक न लागणारे, बेसिक उघड. पहिल्या सहा महिन्यांत कुणीतरी क्रेडिट कार्ड देऊ करील, कुणी फोनवरच्या ॲपवरून झटपट कर्ज. कार्डाची बाकी राहिली तर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज लागते. ‘मिनिमम ड्यू’ भरून ते थांबत नाही. हप्त्यावर मोबाइल घेताना रोखीची किंमत विचार. ‘नो कॉस्ट’मधला खर्च बहुधा त्या फरकात आणि प्रोसेसिंग फीमध्ये सापडतो.

तीन गोष्टी कधीही करू नकोस. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकायचा नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. शिष्यवृत्ती मंजूर झाली, आधी फी भरा, असा फोन आला तर बोलणे तिथेच तोडायचे. आणि कमिशनच्या लोभाने आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिम कुणाला वापरू द्यायचे नाही. फसवणुकीचा पैसा तुझ्या खात्यातून फिरला तर पोलीस तुझ्या दारात येतील. फसलीसच तर लाज धरून गप्प बसू नकोस, त्याच मिनिटाला १९३० वर फोन कर. उशीर होत जातो तसा पैसा हाती लागणे कठीण होते. दुकानदाराने फसवले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

कर्जाचा फॉर्म मिळाला, की त्याच दिवशी सही करू नकोस. घरी आण. एका वहीत दोन रकाने आख: मी काय द्यायचे, मला काय मिळायचे. दुसरा रकाना रिकामा राहिला तर बँकेत परत जाऊन विचार आणि उत्तर लेखी घे. दोन्ही भरले, की बाबांबरोबर बसून सही कर आणि मन लावून शीक.

तुझी,
मावशी