शेजारी कोण?

गेल्या वैशाखात आम्ही तळेगावला घर पाहायला गेलो. घर म्हणजे अजून सिमेंटचा सांगाडाच होता. पण खाली नमुन्याची एक सदनिका सजवून ठेवलेली होती. ती दाखवायला नेमलेला तरुण मोठा नम्र. त्याने उजेड दाखवला, वारा दाखवला, गॅलरीतून दिसणारा डोंगर तर जणू स्वतःच बांधल्यासारखा दाखवला. आई मुकाट्याने सगळे पाहत होती. शेवटी तिने एकच प्रश्न केला, "शेजारी कोण आहे?"

"आजी, तो फ्लॅट अजून बुक व्हायचाय."

आम्ही सगळे हसलो. परतीच्या लोकलमध्ये मात्र ते हसू मला टोचू लागले.

आमचे बिऱ्हाड नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आहे. तीन पिढ्या भाड्याने राहतो आहोत, आणि भाडे इतके जुने, की ते सांगायचीही लाज वाटावी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ते आम्हीच! आता वाडा थकला आहे. मुलगा माळ्यावर बसून अभ्यास करतो. तेव्हा घर घ्यावे हे ठरले, आणि पुण्यात परवडत नाही म्हणून तळेगाव ठरले. पुण्याहून आगगाडीने सुमारे ३५ किलोमीटर. १९७८ साली लोणावळ्याची लोकल सुरू झाल्यापासून त्या बाजूची कितीतरी माणसे रोज अशी ये-जा करीत आली आहेत. मग आम्हीच काय मोठे लागून गेलो?

अमेरिकेत थोरो नावाचा एक विक्षिप्त गृहस्थ होऊन गेला. त्याच्या 'वॉल्डन'चे दुर्गाबाई भागवतांनी मराठीत भाषांतर केले आहे. १८४५ साली तो तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला आणि तिचा खर्च त्याने अर्ध्या सेंटापर्यंत लिहून ठेवला : २८ डॉलर साडेबारा सेंट. वस्तूची किंमत पैशांत न मोजता तिच्यापायी खर्ची पडणाऱ्या आयुष्यात मोजावी, असे त्याचे म्हणणे. (त्याची जमीन मित्राची, म्हणजे इमर्सनची होती, हे हिशेब करताना विसरू नये.) मीही तसा हिशेब मांडून पाहिला. कचेरीला जाऊन येण्यात रोज अडीच तास. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७५० तास, म्हणजे अखंड ३१ दिवस आणि रात्री. कर्ज २० वर्षांचे. म्हणजे हप्त्यांखेरीज आयुष्यातले २० महिने आणखी द्यायचे, आणि तेही बहुधा उभ्याने!

पण हा झाला माझा हिशेब. माझे महिने मी कुठे घालवावेत, हा माझा प्रश्न. लोकलमध्ये मला टोचले ते वेगळेच. रुपये मी देणार होतो, तास मी आणि बायको देणार होतो, आणि शेजार? तो एकटी आई देणार होती. ऐंशीव्या वर्षी माणसाजवळ दुसरे धन ते काय असते? संध्याकाळी ओंकारेश्वराच्या पायरीवर भेटणाऱ्या चार जणी, उधारीवर फुलपुडी देणारा फुलवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू. या गोष्टींची नोंदणी कुठल्याच कचेरीत होत नाही. म्हणून त्या घेताना आपण काही घेतो आहोत, असेही वाटत नाही. मी तिला विचारले होते. "तुला हवं ते कर," ती म्हणाली होती. त्याला मी होकार समजून मोकळा झालो.

मग तळेगाव नको, असे म्हणून टाकावे? मी तसे म्हणालोही. त्यावर बायको शांतपणे म्हणाली, "अहो, वाड्यातला संडास खाली आहे. अठरा वर्षं मी पहाटे तो जिना उतरते आहे. मला कधी विचारलंत?"

मी गप्प झालो. आईच्या शेजाराची किंमत आजवर कोण भरीत होते, हे मला प्रथमच कळले. न हलणे हाही एक निर्णयच असतो. त्याचे दाम दुसरा कोणी चुकते करीत असतो, एवढेच.

आईला नव्या वस्तीचे भय आहे, असेही नाही. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. शनिवारातले माहेरचे घर पाण्यात गेले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर वसले आणि तिचे आईवडील तिकडे राहायला गेले. "तेव्हा आम्हाला ते रानच वाटायचं," ती सांगते. आज गोखलेनगरला कोणी रान म्हणेल काय? तशी ही सदाशिव पेठही पेशव्यांनी वसवली, तेव्हा नवीच होती. गाव वसते खरे. पण वसायला वर्षे लागतात, आणि आईजवळ ती किती उरली आहेत?

आई रोज एकनाथी भागवत वाचते. त्या एकादश स्कंधात अवधूताने सापाला गुरू केले आहे. कारण साप घर बांधीत नाही, दुसऱ्याच्या बिळात सुखाने राहतो. मी एकदा तिला मोठ्या विजयाने ते दाखवले. ती म्हणाली, "अवधूताला ना बायको, ना पोर. नाथांना होती, म्हणून त्यांचं पैठणला घर होतं."

दसऱ्यानंतर त्या नम्र तरुणाचा फोन आला. पाडव्याच्या आत पैसे भरले तर सूट आहे म्हणाला. त्या रात्री प्रथमच आम्ही चौघे एकत्र बसलो आणि मी प्रत्येकाला वेगवेगळे विचारले. मुलाला खोली हवी होती, पण शाळेतले मित्र सोडायचे नव्हते. बायको म्हणाली, "मला तळेगावच हवं असं कुठे आहे? मला तो जिना नको." आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, नागोबा तरी काय करतो? आधी बिळात शिरून बघतो. तिथे दोन महिने भाड्याने राहू या. मला माणसं भेटली तर ठीक. नाही भेटली, तर इथंच आसपास लिफ्टची भाड्याची जागा बघ. लहान असली तरी चालेल."

पाडव्याची सूट आम्ही सोडली. तरुणाला फार वाईट वाटले. कार्तिकात दोन खोल्या भाड्याने मिळाल्या आहेत, स्टेशनपासून जवळ. पहिले आठ दिवस वरच्या मजल्यावरच्या काकूही यायच्या आहेत. त्यांची वळकटी आतापासूनच आमच्या दाराशी येऊन पडली आहे.