तीसच कागद का?

शाळेच्या गणित-प्रदर्शनात हल्ली कागदी गोळा हमखास दिसतो. 30 चौरस कागद, तीन रंग, सगळ्यांना एकसारख्या घड्या, एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात. शेजारी पाटी: 'ओरिगामीतून गणित'. पण तीसच कागद का, असं विचारलं तर 'व्हिडिओत तसं होतं' एवढंच उत्तर मिळतं. माझ्या मते गणित या प्रश्नापासून सुरू होतं, आणि नेमका तोच प्रश्न वगळून आपण गणिताच्या नावाची पाटी लावतो.

घडी आणि गणित यांची सोबत जुनी आहे. शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने ती बालवाडीत आणली. टी. सुंदर राव यांनी 1893 साली मद्रासला घड्यांच्या भूमितीवर पुस्तक काढलं. गणितज्ञ फेलिक्स क्लाइनने त्याची दखल घेतली आणि 1901 मध्ये ते शिकागोहून पुन्हा निघालं. 1936 साली गणितज्ञ मार्गेरिता बेलोक यांनी दाखवलं की पट्टी-कंपासला न सुटणारी घनसमीकरणं घडीने सुटतात. या सगळ्यांच्या हाती एकच कागद होता आणि घडी म्हणजे रेषा होती.

1960च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाचा सुटा घटक पुढे आला: प्रदर्शनातल्या गोळ्यातला घडी घातलेला एकेक कागद म्हणजे हाच घटक. त्याने ओरिगामी सोपी झाली, असंच बहुतेक जण सांगतात. मला हा अर्थ चुकीचा वाटतो. इथे कागदाचं कामच बदललं: तो आकाराची एक कड झाला.

ही गोष्ट झाकली जाते ती घनामुळे. सोनोबेचे सहा घटक जोडले की घन होतो. घनाला सहा बाजू, म्हणून सहा कागद, असं शिक्षक सांगतात आणि मुलांना पटतंही. मग 12 कागदांचा तारा येतो, त्याला 24 त्रिकोणी बाजू असतात, आणि हे स्पष्टीकरण कोसळतं. घनाच्या प्रत्येक बाजूवर एकेक कर्ण असा काढा की चार कोपऱ्यांत तीन-तीन कर्ण भेटतील. हे सहा कर्ण मिळून चतुष्फलक होतो. सोनोबेचा घन म्हणजे चार बाजूंवर चार बुटके मनोरे चढवलेला चतुष्फलक. त्याच्या कडा सहा, म्हणून कागद सहा. 12 कागदांच्या ताऱ्यात आत अष्टफलक असतो, त्याच्या कडा 12. प्रदर्शनातल्या गोळ्यात आत विंशतिफलक असतो. त्याला 20 त्रिकोण, प्रत्येकाच्या तीन कडा, प्रत्येक कड दोघांत सामाईक: 60 भागिले 2, म्हणजे 30. एवढी मोजणी सहावीतलं मूल कागद हातात घेण्याआधी करू शकतं.

गोळ्याच्या रंगांचंही तसंच. प्रत्येक मनोऱ्यात तिन्ही रंग यायला हवेत. मनोऱ्याला बिंदू आणि कागदाला दोन बिंदूंमधली रेघ माना. द्वादशफलकाचा सांगाडा मिळतो. त्याच्या 20 बिंदूंतून प्रत्येकी एकदाच जाऊन परत यायचं, हा गणितज्ञ हॅमिल्टनचा 1857 सालचा खेळ. ती फेरी सापडली की तिच्या 20 रेघा आळीपाळीने लाल-पिवळ्या करायच्या. 20 सम असल्याने शेवट सुरुवातीशी जुळतो. उरलेल्या 10 निळ्या. 1880 मध्ये गणितज्ञ टेटने नकाशे चार रंगांत रंगवण्याचा प्रश्न अशाच तीन रंगांच्या रेघांशी जोडला होता.

रंगांची मांडणी मुलांना आयती देऊ नये. ती फेरी कागदावर शोधायला त्यांना पूर्ण तास द्यावा, आणि प्रदर्शनात अपुरा गोळाही ठेवावा: दोन लाल एकाच मनोऱ्यात कुठे आले आणि कुठपर्यंत उसवावं लागलं, हे मुलांनी स्वतः लिहिलेल्या चिठ्ठीसकट.