तवक्कुल, तकदीर आणि मोटारीतील मूल

लग्नसराईत किंवा ईदनंतरच्या दिवसांत धरणगावहून एरंडोल, जळगाव, धुळ्याकडे जाणाऱ्या मोटारी पाहाव्यात. पाच जणांच्या गाडीत आठ जण, पुढे आईच्या मांडीवर तान्हे बाळ आणि दोन सीटांच्या मधल्या फटीत उभे राहून रस्ता पाहणारे चार-पाच वर्षांचे मूल. हटकले तर उत्तर ठरलेले असते, "अल्लाह राखणारा आहे." हे वाक्य निःसंशय सत्य आहे. प्रश्न इतकाच की, आपण ते श्रद्धेपोटी उच्चारतो की कर्तव्य टाळण्यासाठी?

तिर्मिजीच्या हदीस संग्रहात एक प्रसंग आहे. एकाने विचारले, उंटीण बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळी सोडून? प्रेषित (स.) यांनी आधी बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले. शामच्या वाटेवर सर्ग येथे साथीची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) यांनी माघारी फिरण्याचे ठरविले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. म्हणजे उपाय हा तकदीरीबाहेरचा नाही, तिचाच भाग आहे.

उंट तर केवळ मालमत्ता होता. मूल ही अमानत आहे. प्रौढ माणूस स्वतःचा धोका निदान समजून पत्करतो. मुलाला निवडीचा अधिकारच नसतो. म्हणून त्याच्या वतीने आपण घेतलेल्या धोक्याचे उत्तरदायित्व दुप्पट जड आहे.

"आईच्या कुशीइतकी सुरक्षित जागा कोणती?" असे विचारले जाते. ममतेच्या दृष्टीने कोणतीही नाही. परंतु ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून क्षणार्धात थांबली, तर दहा किलोचे मूल हातांना अडीच-तीनशे किलोच्या ओझ्यासारखे खेचते. कोणत्याही आईचे हात ते पेलू शकत नाहीत. वेगाचे हे नियम अल्लाहनेच सृष्टीत घातले आहेत. ते ममतेसाठी बदलत नाहीत.

तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड व मान कोवळी असते. म्हणून त्याचे बालआसन मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या बाजूस करून लावतात. पुढे एअरबॅग असताना असे आसन तेथे कधीही लावू नये. आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपली की पट्ट्यांचे, पुढे तोंड असलेले आसन आणि त्यानंतर उंची देणारी बैठक.

मूल यातून "मोठे" कधी होते? वाढदिवसाने नव्हे, शरीराने. साधारण १४५ सेंटीमीटर उंची झाल्यावर पाठ सीटला टेकते, गुडघे कडेवर वाकतात, खालचा पट्टा पोटावर न येता कंबरेच्या हाडांवर आणि वरचा मानेवर न येता खांद्यावर बसतो. त्याआधी मुलाने "मी आता मोठा झालो" असा हट्ट धरणे स्वाभाविक आहे. तो मानणे हे लाड नव्हेत.

कायदाही हेच सांगतो. २०१९च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालआसनाविना नेणाऱ्यास १००० रुपये दंड आहे. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी सुरक्षा-पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पण श्रद्धावंताला दंडाहून मोठ्या हिशेबाचे भय असावे.

बालआसन महाग आहे, ही अडचण खरी आहे. अल्लाह कुणावरही त्याच्या कुवतीबाहेर भार टाकत नाही. परंतु जे कुवतीत आहे ते सुटत नाही : मुलांना मागे बसवणे, गाडी खच्चून न भरणे, वेग आवरणे, लांब पल्ल्याला रेल्वे निवडणे. ज्यांचे मूल आसनातून मोठे झाले, त्यांनी ते नात्यातील पुढच्या बाळाला द्यावे. मात्र अपघातात सापडलेले वा तडा गेलेले देऊ नये. हाही एक सदका आहे.

ज्यांनी अपघातात मूल गमावले, त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्यासाठी सांत्वन आणि दुआच योग्य. परंतु ज्यांची मुले आज अंगणात खेळत आहेत, त्यांनी सब्र आणि सबब यांतील भेद ओळखावा. सर्व उपाय करूनही जे घडते, तेथे सब्र आहे. उपाय हाती असताना तो न करणे आणि नंतर तकदीरीचे नाव घेणे, ही सबब आहे. पट्टा लावावा, प्रवासाची दुआ म्हणावी आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवून निघावे.